सत्कार राहू द्या, दाखला बघू

मागच्या डिसेंबरात मोडनिंबहून फोन आला. माझ्या शाळेतले एक सर बोलत होते. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी ‘यशस्वी माजी विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन’ ठेवलंय, जमेल का यायला? पुण्यात बारा-तेरा वर्षं कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला कुणी यशस्वी म्हटलं की तो लगेच सुट्टी टाकतो. मीही टाकली. दोन रात्री जागून चाळीस स्लाइड बनवल्या. विषय घेतला कृत्रिम बुद्धिमत्ता आणि तुमचं भविष्य.

ज्यांनी मोडनिंब पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर हायवेवरचं हे गाव. कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन. आमच्या लहानपणी या मार्गावर बार्शी लाइटची छोटी गाडी होती, पुढे रूळ मोठे झाले. आजूबाजूला ऊस आणि डाळिंब. हायवेवरून दिवसरात्र गाड्या पुण्याकडे जातात, तशी शिकलेली पोरंही जातात आणि मग ईद-दिवाळीलाच दिसतात. मीही त्यातलाच. दहावीनंतर इतक्या वर्षांत शाळेच्या फाटकातून एकदाही आत गेलो नव्हतो. घरापासून शाळा चालत दहा मिनिटांवर आहे.

शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल झालं. भिंतीवर ऊन असल्याने स्लाइड कुणाला दिसल्या नाहीत, पण मी पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, “सर, पगार किती?” हशा झाला. मग मागच्या रांगेतली नववीतली एक मुलगी उभी राहिली. “सर, डिप्लोमाला गेलं तर बारावी करावी लागती का?”

मी सांगितलं, नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि तो चांगल्या मार्कांनी झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दोन वाक्यांचं उत्तर. त्याबरोबर सात-आठ हात वर झाले. फी किती? होस्टेल मिळतं का? सीईटीला क्लास लावावाच लागतो का? मराठी मीडियमवाल्याला जमतं का? पुढचा अर्धा तास खरा कार्यक्रम झाला आणि त्यात माझ्या चाळीसपैकी एकही स्लाइड कामाला आली नाही.

कार्यक्रम संपल्यावर दहावीतला एक मुलगा शाल घडी करायला मदत करत जवळ आला. हळूच विचारलं, “आपल्यात सवलत असती का? आम्ही बागवान.” म्हटलं, असते की, बागवान ओबीसीत येतात. दाखवू तुझं बोनाफाईड. त्याने वहीत जपून ठेवलेला कागद काढला. धर्म मुस्लिम, जात मुस्लिम.

तिथे मी थांबलो, कारण तो कागद माझाच होता.

माझी बारावी झाली तेव्हा माझ्याही दाखल्यावर नुसतं ‘मुसलमान’ होतं. बागवान हा शब्द कुठेच नव्हता. अब्बांनी शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं असेल, जात? अब्बांनी सांगितलं असेल, मुसलमान. दोघांचंही त्यात काही चुकलं असं वाटलं नसणार. पण इंजिनिअरिंगला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला लागतो, मग जातपडताळणी लागते, आणि ओबीसीसाठी पुरावा लागतो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. त्याआधीच्या कागदावर घराण्यातल्या कुणाच्या तरी नावापुढे जात लिहिलेली हवी. दादा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी दादांच्या चुलत भावाचा दुसरीपर्यंतचा उतारा सापडला, पण तोवर मुदत टळून गेली होती. मी खुल्या जागेवर पूर्ण फी भरून शिकलो. अब्बांनी फळांचा टेम्पो विकला आणि पुढची चार वर्षं दुसऱ्याच्या टेम्पोवर बाजार केले. घरात यावर कधी चर्चा झाली नाही. आमच्याकडे अशा गोष्टींवर चर्चा होत नाही.

आता या मुलाचा हिशेब बघा. डिसेंबर सुरू होता. मार्चमध्ये दहावीची परीक्षा. विद्यार्थी शाळेत आहे तोवर शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद पुरावा जोडून, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होऊ शकते. एकदा तो शाळा सोडून गेला, दाखला हातात पडला, की हेच काम महाकठीण होतं. म्हणजे तीन महिने. आणि हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं, त्याच्या वडिलांना नव्हतं. चाळीस स्लाइड घेऊन आलेला मी ते सांगणारच नव्हतो. त्याने शाल घडी करायचं निमित्त केलं नसतं तर मी नारळ घेऊन घरी गेलो असतो.

सरांना विचारलं, जुनी रजिस्टरं कशी शोधायची कुणाला कळतं? ते हसले. म्हणाले, “तुमच्याच बॅचचा आहे की. कुणबी नोंदीसाठी त्यानं सगळी दप्तरं पालथी घातलीत.”

त्याचं नाव ऐकून मी जरा गप्प झालो. दहावीला आम्ही एका बाकावर बसायचो. त्याच्या घरच्या पुरणपोळ्या आणि आमच्या घरचा शीरखुर्मा यांची अदलाबदल दरवर्षी ठरलेली. पण काही वर्षांपूर्वी आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे फॉरवर्ड येऊ लागले त्यातले बरेच त्याच्या नंबरवरून यायचे. तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुमच्यापैकी प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एक ग्रुप आहे किंवा होता. मी एकदा लिहिलं, अरे, मी पण इथंच आहे. कुणीतरी अंगठा दाखवला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मी काही न बोलता बाहेर पडलो. माझ्या मागोमाग बॅचमधले बाकीचे तिघे मुस्लिमही बाहेर पडले. कुणीही फोन केला नाही, आम्हीही केला नाही.

त्याला फोन लावला. मुलाची गोष्ट सांगितली. तो इतकंच म्हणाला, “कधी जायचं, लका?”

२०२३ पासून मराठा समाजातल्या हजारो घरांनी कुणबी नोंदी शोधायला जुनी दप्तरं धुंडाळली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि शाळांची, तहसीलची, जन्म-मृत्यूची रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. त्यांची कुणबी नोंद आणि आमची बागवान नोंद यांना तारीख तीच लागते, १३ ऑक्टोबर १९६७. त्यामुळे जे मला पुण्यात बसून शोधायला महिना लागला असता ते त्याला तोंडपाठ होतं. मुलाच्या आज्याचं मूळ गाव शेजारचंच. तिथल्या प्राथमिक शाळेच्या कपाटात आम्ही दोन दिवस धूळ खाल्ली. पानं कशी सोडवायची, वाळवीने खाल्लेल्या जागी पुढच्या वर्षाचं रजिस्टर कसं ताडून बघायचं, एकाच माणसाचं नाव तीन वर्षांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं कसं ओळखायचं, हे सगळं तो बोटाने दाखवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आज्याच्या थोरल्या भावाची नोंद सापडली. ‘मुसलमान बागवान’. शेवटचा शब्द शाईत जरा फिकटलेला, पण स्पष्ट.

परतताना चहाला थांबलो. तो म्हणाला, “तू ग्रुप सोडलास तवा वाटलं होतं फोन करावा.” मी म्हणालो, मलाही वाटलं होतं. इतकंच बोलणं झालं. त्याची मतं बदलली का? मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. या अंकात तुम्हाला दिलजमाईची गोष्ट सांगावी असाही माझा हेतू नाही. एवढं खरं की त्या दोन दिवसांत आम्ही दोघंही शाळेतल्या एका पोरासाठी काम करत होतो आणि त्याला ते मुस्लिम पोरासाठी करतोय असं वाटलं असेल तर त्याने तसं दिसू दिलं नाही.

आपल्याकडे माजी विद्यार्थी शाळेत परततात ते दोन कारणांनी. एक तर सत्कार घ्यायला, नाहीतर देणगी द्यायला. बॅचचे मेळावे होतात, एकसारखे फेटे बांधले जातात, निवृत्त गुरुजींच्या पाया पडून फोटो निघतात, शाळेला वॉटर कूलर मिळतो. याला माझी हरकत नाही, कूलरचं पाणी गारच असतं. पण शाळेतल्या पोराला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे ती वस्तू आपल्या खिशात नसून डोक्यात आहे. कुठला कागद कधी काढायचा, कुठल्या परीक्षेचा फॉर्म कितवीत भरायचा, कुठे नाव नोंदवायला उशीर झाला की काय हुकतं. मध्यमवर्गीय घरात हे ज्ञान जेवणाच्या ताटावर मिळतं. मामा, काका, शेजारचा दादा, कुणीतरी सांगतं. पहिल्यांदा शिकणाऱ्या घरात सांगणारं कुणी नसतं, आणि ज्याला ते कळतं तो तोवर गाव सोडून गेलेला असतो.

एक उदाहरण देतो. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळेतलं, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आतलं मूल त्यात निवडलं गेलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. धर्म-जात काहीही असो. संधी एकदाच, आठवीत. किंवा मुलींचं घ्या. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आपल्या मोहल्ल्यात किती बापांना हे माहीत आहे? “पोरीच्या फीला पैसे कुठनं आणू” म्हणून दहावीनंतर घरी बसवलेली मुलगी आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिली आहे. पण ही माफी मिळायलाही आधी जातीचा दाखला किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र हवं. घोडं पुन्हा कागदापाशीच येऊन अडतं.

सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये सांगितलं होतं की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आहे. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचं प्रमाण ४.६ टक्के निघालं, लोकसंख्येत आपण १४ टक्क्यांच्या वर असताना, आणि त्या एका वर्षात आपली संख्या वाढायच्या ऐवजी घटली. यामागे गरिबी आहे, भेदभाव आहे, बंद झालेल्या शिष्यवृत्त्या आहेत. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली, पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती त्याच वर्षी गेली. त्यावर बोललंच पाहिजे, आपण बोलतोही. पण शिष्यवृत्ती परत मिळावी म्हणून निवेदन देणारा आपला कार्यकर्ता स्वतःच्या शाळेत जाऊन, चालू असलेल्या शिष्यवृत्तीचा फॉर्म आठवीच्या वर्गाला भरायला मदत करतो का, हाही प्रश्न मी विचारणार. आधी स्वतःला.

हे नवं काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीला बसवली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. कमी बोललं जातं ते पुढच्या भागाबद्दल. रयतचा पसारा वाढला तो तिथेच शिकलेली पोरं तिथेच शिकवायला परतली म्हणून. बॅ. पी. जी. पाटील त्याच बोर्डिंगातले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन ते परत रयतमध्ये आले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी सहायक समितीचंही तसंच. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना तिथे राहायला जागा मिळते, आणि राहून गेलेले माजी विद्यार्थी पुढच्यांसाठी वेळ देतात. आपल्या माढा तालुक्यातच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळवून त्यातला अर्धा बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकला. शिक्षकाच्या हातून काय होऊ शकतं ते त्यांनी दाखवलं. पण वर्गात साठ पोरं, खिचडीचा हिशेब, निवडणुकीची कामं आणि रोजची ऑनलाइन माहिती यातून प्रत्येक पोराच्या आज्याचा उतारा शिक्षक शोधू शकणार नाही. तेवढं तरी आपण उचलू शकतो.

काही मित्र म्हणतात, हे सगळं जमातीमार्फत कर, मदरशाच्या हॉलमध्ये करिअर शिबिर घे, आपल्या मुलांना थेट मिळेल. घ्यावं, मीही जातो. पण तिथे येणारे बहुतेक मुलगे असतात, आणि ज्यांच्या बापाला आधीच पर्वा आहे त्यांचे असतात. शनिवारी सकाळी शाळेत मात्र सगळे एका छताखाली सापडतात. दुसरं म्हणजे, आमच्या भागातली बहुसंख्य मुस्लिम मुलं मराठी शाळेत, सगळ्यांबरोबर शिकतात. त्या शाळेच्या हजेरीपटावर माझंही नाव होतं. तिथे जायला मला कुणाचं निमंत्रण लागत नाही आणि मी तिथे पाहुणाही नाही. आणि एकदा जाऊन बसलात की कळतं, कागदाचं दुखणं आपल्या एकट्यांचं नाही. भटक्या-विमुक्त घरातल्या पोराला पुरावा लागतो २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातीच्या पोराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. ज्यांचे आजे पालावर जन्मले त्यांनी तो कुठून आणायचा? आमच्या पहिल्याच बैठकीत अशी तीन मुलं निघाली.

आता आम्ही महिन्याच्या पहिल्या शनिवारी जातो. सुरुवातीला चौदा जण तयार होते, तिसऱ्या महिन्यात सहा उरले, सध्या पाच आहोत. आयटीतले सगळ्यात आधी गळाले, हे माझ्याच बिरादरीबद्दल शरमेने सांगतो. आम्हाला स्प्रेडशीट बनवायची हौस दांडगी, फोन उचलायची कमी. टिकले ते गावात किंवा जवळपास राहणारे. एक मेडिकलवाला, एक तलाठी कार्यालयात काम करणारा, माझा बाकावरचा मित्र, मी, आणि बार्शीला सासर असलेली आमची एक वर्गमैत्रीण.

तिच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. बॅचच्या ग्रुपमध्ये मुली जवळजवळ नव्हत्याच. लग्नात आडनाव बदललं, नंबर बदलला, कुणी शोधलं नाही. माजी विद्यार्थी म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतात. हिचा पत्ता तिच्या भावाकडून मिळाला. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. दोन मुलं झाल्यावर तिने बारावी सायन्स केली, मग डी. फार्म. आज ती नोकरी करते. पॅकेज सांगायला तिच्याकडे काही नाही, पण मुली तिच्याभोवती जेवढा वेळ बसतात तेवढा माझ्याभोवती कुणी बसत नाही. बापाशी कसं बोलायचं, आधी आईला कसं आपल्या बाजूला घ्यायचं, एसटीचा पास, बसस्टँडवरची पोरं, दुपट्टा, पाळी, सगळं ती उघड बोलते. मुलींना फोन तिने करायचा आणि तोही आईच्या किंवा मॅडमच्या नंबरवर, हा नियम तिनेच घातला. आम्हा पुरुषांच्या डोक्यात तो आलाही नव्हता.

त्या मुलाची नोंद फेब्रुवारीत दुरुस्त झाली. तो आता अकरावी सायन्सला आहे. जातीचा दाखला हातात आलाय, कॉलेजच्या सहीशिक्क्याने पडताळणीचा अर्ज भरायचा राहिलाय. तो बारावीची वाट बघू म्हणतो. मी दर आठवड्याला फोन करून त्याला वैताग आणतो.

आणि डिप्लोमाचं विचारणारी ती मुलगी आता दहावीत आहे. गणितात बरी आहे, तिला कॉम्प्युटर घ्यायचाय. दोन महिन्यांपूर्वी तिच्या वडिलांना भेटलो तेव्हा त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि “बघू” म्हणाले. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ मला ठाऊक आहे, माझे चुलतेही असंच म्हणायचे. या रविवारी बार्शीहून ती मैत्रीण कुर्डुवाडीपर्यंत येणार आहे, तिथून मी तिला गाडीवर आणतो. या वेळी मी बाहेर अब्बांबरोबर बसणार, ती आत अम्मीशी बोलणार. फीमाफीच्या शासन निर्णयाची प्रत बरोबर घेतली आहे. मुलीचं बोनाफाईडही मागवलंय. त्यावरही जात मुस्लिमच लिहिली आहे.